चालतंय, मग टाकताय कशाला?

घरातला धोकादायक कचरा द्यायला मी एका रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो आणि दुपारी तो जवळजवळ सगळा घेऊन, वर थोडा दुसऱ्यांचाही घेऊन, घरी परत आलो.

हा कचरा काढायचं फर्मान आमच्या लेकीचं, मुग्धाचं. ती राहते बाणेरला, आम्ही दोघं बिबवेवाडीत. तिचा मुलगा ईशान नुकताच रांगायला लागला होता आणि दिसेल ते तोंडात घालत होता. (हा गुण आमच्याच घराण्यातला. आम्ही फक्त तोंडाऐवजी कपाटात घालतो.)

"बाबा, बाल्कनीतलं कपाट रिकामं झाल्याशिवाय मी त्याला तुमच्याकडे जमिनीवर सोडणार नाही," तिने फोनवर बजावलं.

त्या कपाटात वाळवीचं औषध होतं, संडास धुवायचं ॲसिड होतं, मुदत संपलेल्या गोळ्या होत्या, गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या ट्यूबा होत्या. आणि माझ्या वडिलांचं बीपी मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं. वडील सदाशिव पेठेत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. यंत्राची काच फुटून पारा सांडला तर तो गोळा करता येत नाही आणि त्याची वाफ अंगाला बाधते, हेही मुग्धाने ऐकवलं. नातू आपल्या घरात रांगताना बघायला मी इतका आसुसलो होतो की वडिलांची आठवण वगैरे काही न बोलता मी कबूल झालो.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की असला कचरा न्यायला रविवारी खास गाडी येणार आहे. टेबलाशी बसायला माणूस हवा होता. मी हात वर केला. आमचे सेक्रेटरी कांबळेसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, माणसं ओळखून असतात. ते म्हणाले, "तुम्ही फक्त गोळ्या, सेल, ट्यूबा वेगवेगळ्या खोक्यांत ठेवायच्या. चौकशा करायच्या नाहीत."

मी चौकशा करत नाही हो. मला फक्त जाणून घ्यायचं असतं!

पहिला कचरा खुद्द साहेबांचाच आला. ऑइलपेंटचा अर्धा डबा.

"रंग कुठला?" मी विचारलं.

"पिस्ता."

"मग अर्धाच का लावला?"

"घरात आवडला नाही. अजून काही?"

अजून बरंच होतं, पण साहेब निघून गेले. मी झाकण उचकटून पाहिलं. रंग सुरेख होता. खिडकीच्या ग्रिलला पुरला असता. नुसतं बाजूला ठेवायला काय हरकत आहे, म्हणून मी तो डबा खुर्चीखाली सरकवला.

मग तळमजल्यावरच्या गाडेवहिनी आल्या. त्यांचं सासर आंबेगावचं, बोलणं रोखठोक. आणलेले जुने सेल त्यांनी खोक्यात टाकले आणि नजर गेली ती थेट बीपीच्या यंत्राकडे.

"हे चालतंय का वो?"

"म्हणजे काय! वडिलांनी जिवापाड जपलंय."

"चालतंय, मग टाकताय कशाला?"

यंत्र चालतं हे सिद्ध करायला मी वहिनींच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पेटीतला स्टेथोस्कोप कानाला लावला आणि फुगा दाबला. पारा डौलात चढला. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं सगळं हाताला आठवलं आणि मला, खरं सांगतो, फार छान वाटलं. तोवर वहिनींच्या मागे रांग लागली होती.

कचरा टाकायला आलेला माणूस आधी बीपी मोजून घ्यायचा. नंबर येईपर्यंत काय करणार, तर टेबलावरचं दुसऱ्याचं सामान बघायचा. "हा चार्जर कोणाचा? चालतो का?" "ही ट्यूब लुकलुकते, पण लागते ना?" चालतंय, मग टाकताय कशाला, हे आता सगळ्या पार्किंगचं भजन झालं होतं. कोणी सेल नेले, कोणी झुरळांचं औषध नेलं. आमचं ॲसिड आणि वाळवीचं औषध मीही पिस्त्याशेजारी सरकवलं. मी कानात नळ्या घालून बसलेलो, मला काय ऐकू येणार? आमची ही चहा घेऊन खाली आली आणि जाताना आमच्याच कपाटातल्या दोन ट्यूबा काखेत मारून वर गेली. मी बघितलं. पण माझ्याही खुर्चीखाली पिस्ता होता.

कांबळेसाहेबही शेवटी पट्टा बांधायला बसले. बीपी जास्त निघालं. "यंत्र बिघडलेलं आहे, टाकून द्या," म्हणाले. त्यावर मात्र मला राग आला आणि मी यंत्र मांडीवरच ठेवलं.

गाडी आली तेव्हा टेबलावर मुदत संपलेल्या गोळ्या आणि एक फुटकी ट्यूब उरली होती. ड्रायव्हरने खाली वाकून टेबलाखाली बघितलं. "काका, एवढंच हाय?"

"आमच्याकडे लोक जपून वापरतात," मी म्हणालो.

"बरं. मी पुढच्या गल्लीत हाय तासभर. काय आठवलं तर या," म्हणत तो गेला.

मी घरी पोचतो न पोचतो तोच मुग्धा आली. मी सकाळीच दोनदा फरशी पुसून ठेवली होती. ईशान फरशीकडे झेपावत होता, पण तिने त्याला कडेवरून उतरवलं नाही. आधी कपाट उघडलं. वाळवीचं औषध, ॲसिड, ट्यूबा, यंत्र, सगळं जागच्या जागी. शिवाय पिस्ता.

"हे काय, बाबा?"

"चालतंय ते."

"मग मी पण चालले," ती म्हणाली आणि चपला घालू लागली. ईशान तिच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून रडायला लागला. मी घाईघाईने सांगितलं की गाडी अजून पुढच्याच गल्लीत असेल. यंत्र पेटीत उभं ठेवून मीच बंद केलं आणि तिच्यासमोर धरलं. ते देताना वाईट वाटलं, पण पोराचं रडणं त्याहून वाईट होतं.

सगळं सामान दाराबाहेर गेलं आणि ईशान खाली उतरला. थेट माझ्याकडे रांगत आला. मुग्धा सामान गाडीला द्यायला निघाली, तिने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"अगं, कडी कशाला?" मी आतून विचारलं. "त्याचा हात पोचतो होय त्या सामानापर्यंत?"

"त्याचा नाही पोचत, बाबा," बाहेरून उत्तर आलं.