भिंतीवरची कुंभारीण

"आई, इकडे येऊ नका! केवढी मोठी गांधीलमाशी!" बागेत सूनबाई ओरडली. मी चष्मा शोधून पोचते तोवर तिने जास्वंदीमागच्या भिंतीवरचं मातीचं घरटं झाडूने पाडलंसुद्धा.

"अगं, कुंभारीण ती. कंबर बघ, दोऱ्याएवढी. कुणाच्या वाटेला जात नाही बिचारी."

"मग आधी नाही का सांगायचं!"

काय सांगणार हो? कुंभारणीने ज्या घराच्या भिंतीवर घरटं बांधलं, त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडे बायका म्हणतात. दर महिन्याला हिरमुसणाऱ्या पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून ते घरटं मी एकटीच बघायचे, मनातल्या मनात हरखायचे. भीती वाटली की माणसाचा हात आधी उठतो, नाव आपण मागाहून विचारतो.

संध्याकाळी माशी तोंडात चिखलाची गोळी घेऊन आली आणि रिकाम्या भिंतीपाशी घिरट्या घालत राहिली. सूनबाई बघत होती.

"माझी आजीपण सांगायची कुंभारणीचं," ती हळूच म्हणाली. "मला ओळखताच आली नाही, आई."

मी बागेतला नळ तेवढा किंचित सुरू ठेवला. माती ओली राहू दे म्हटलं.