विमलआत्याचा आखूड ट्रक

पितृपक्ष सुरू झाला त्या दिवशी सकाळी विमल पागे यांचे उज्जैनला नानाखेड्यातल्या राहत्या घरी निधन झाले. वय चौऱ्याहत्तर होते. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असे लिहिले. बातमी त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर दिली. "विमल गेली. अंगणात होती. ट्रकची काच पुसत होती," एवढे नाना बोलले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही.

ती माझी आत्या. एका प्रशिक्षण संस्थेत ती फिटर आणि मोटर मेकॅनिक या विषयांची शिक्षिका होती. संस्थेचे नाव इथे आवश्यक नाही. नोकरीच्या साऱ्या काळात तिला वर्गात फळा मिळाला, शेडमध्ये गाडी मिळाली नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी पुरुष शिक्षक मुलांना घेऊन शेडकडे जात आणि तिला पुढच्या धड्याच्या आकृत्या काढायला सांगितले जाई. साडी नेसलेल्या बाईने गाडीखाली जाणे बरे दिसत नाही, असे कारण दिले गेले. तिने पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली. मग दुसरे कारण दिले गेले. हे तिने तक्रार म्हणून कधी सांगितले नाही, विचारल्यावर तेवढे सांगितले.

निवृत्त झाल्यावर तिने लष्कराने निकाली काढलेला एक ट्रक लिलावात घेतला. इंजिन जाम होते, हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या, टायर होते एवढेच म्हणता येईल. घेण्यापूर्वी तिने घराच्या फाटकाची रुंदी मोजली होती. गल्ली मोजली नव्हती. ट्रक ओढून आणला तेव्हा फाटकात तोंड वळेना. समोरच्या घराची भिंत आड येत होती. शेवटी क्रेन बोलावून तो कंपाउंडवरून उचलून अंगणात उतरवावा लागला. तोंड फाटकाकडे, आणि बाहेर पडायला वाव नाही. गल्लीतली झाडून सारी माणसे गच्च्यांवर होती. रहिवासी समितीचे सचिव तिवारीजी खाली उभे राहून म्हणाले, "बहनजी, ये अंदर तो आ गया, अब बाहर कैसे जाएगा?"

"अपने पहियों पर," आत्या म्हणाली.

नाना तिथेच होते. त्यांनी मराठीत, म्हणजे उज्जैनच्या मराठीत, विचारले, "विमल, तुझं दिमाग ठिकाणावर आहे ना? हे भंगार आहे."

"तुम्ही खिडकीतून बघा नाना. खिडकी मोठी आहे."

वळण बसत नाही तर ट्रक आखूड करायचा, हे तिने त्याच आठवड्यात ठरवले. ट्रकचा सांगाडा म्हणजे दोन लांब लोखंडी गर्डर असतात, त्यांना चॅसी म्हणतात. ते मधोमध कापायचे, तीन फुटांचा तुकडा काढून टाकायचा, उरलेली टोके तिरकी जोडून आतून पट्ट्या मारायच्या, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्टही त्या मापाने तोडायचा. पुढच्या चाकांना जाणारी ताकद तिने बंद करून टाकली; शेतात किंवा वाळवंटात जायचे नव्हते. वेल्डिंगसाठी बसस्टँडच्या रस्त्यावर शेड असलेले इस्माईलभाई येत. पहिल्या दिवशी त्यांनी गर्डरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दीदी, इसको तो दुश्मन नहीं तोड़ पाया।"

"दुश्मन के पास फुरसत नहीं थी, इस्माईलभाई. मैं रिटायर हूँ।"

हे काम आपल्या शेडमध्ये करू, असे इस्माईलभाईंनी तेव्हाच सुचवले होते. तिने नकार दिला. शेडमध्ये जाण्यासाठी आयुष्यभर कोणाला तरी विचारावे लागले, आपल्या अंगणात कोणाला विचारावे लागणार नाही, असे तिचे म्हणणे होते. ते खरे ठरले नाही. ग्राइंडरचा आवाज, वेल्डिंगचा उजेड, रस्त्यापर्यंत येणारे तेलाचे ओघळ... पावसाळा संपता संपता समितीची बैठक झाली. ठराव एका ओळीचा होता: दसऱ्यापर्यंत ट्रक अंगणाबाहेर जावा, अन्यथा दुसऱ्या दिवशी समिती क्रेन आणील. भंगारवाल्याशी बोलणेही झाले होते. आत्याने बैठकीत फक्त एक प्रश्न विचारला, "दसऱ्याला किती वाजेपर्यंत?" तिवारीजी म्हणाले, "सूरज ढलने तक।" ती नमस्कार करून घरी आली आणि ट्रकखाली गेली.

अष्टमीच्या संध्याकाळी ट्रक सुरू झाला. आत्या स्टिअरिंगवर होती. तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ट्रक मागे गेला. मागचा पाण्याचा हौद फुटला. पाणी अंगणभर झाले. तिने ब्रेक मारला, गिअर पाहिला, पुन्हा पहिलाच टाकला. ट्रक पुन्हा मागे गेला.

गच्चीवरून कोणीतरी ओरडले, "अरे भिया, फौजी है, पीछे हट रहा है!" हशा झाला. तिवारीजी फाटकाशी होते. "बहनजी, ये तो उल्टी चल पड़ी।"

आत्याने इंजिन बंद केले. मग म्हणाली, "चलती तो है न?"

चूक तिची होती आणि ती तिने त्याच जागी सांगितली. मागच्या आसाच्या मधल्या डब्यात क्राऊन नावाचे मोठे दातेरी चाक असते. ते डावीकडे बसवले की उजवीकडे, यावर गाडीची चाके कोणत्या दिशेला फिरणार हे ठरते. बेअरिंग बदलण्यासाठी तिने तो डबा स्वतः खोलला आणि स्वतः जोडला होता. ही आकृती तिने फळ्यावर वर्षानुवर्षे काढली होती, वरून पाहिल्यासारखी. या वेळी ती गाडीखाली उताणी होती. डावे उजवीकडे गेले. इस्माईलभाईंनाही ते दिसले नव्हते.

डबा पुन्हा खोलून क्राऊन फिरवायला दुसरा दिवस पुरला असता. पण दुसरा दिवस खंडेनवमीचा होता. पागे घराण्यातले कोणी एकेकाळी दरबारात शस्त्रागारावर होते, असे घरात सांगतात. त्याला कागद नाही. रीत मात्र चालत आली आहे. नवमीला हत्यारे पाटावर जातात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्याशिवाय कोणी त्यांना हात लावत नाही. तलवारी केव्हाच गेल्या, म्हणून आत्या पान्यांचा संच, जॅक, हातोडी आणि ग्राइंडर मांडत असे. इतर बाबतीत ती फारशी धार्मिक नव्हती. नाना त्या सकाळी तिला म्हणाले, "या एका वर्षी चालवून घे. देव काय मोजत बसलाय का?"

"देवाचं मला माहीत नाही. हत्यारांना वर्षातून एवढीच सुट्टी असते नाना. माझ्या चुकीसाठी त्यांची रजा रद्द नाही करणार."

"मग उद्या क्रेन येणार."

"परवा. उद्या मी आहे."

दसऱ्याला दुपारी तिने ट्रकला झेंडूची माळ घातली. हत्यारे पाटावरच होती. फाटक नानांनी उघडले. तिने इंजिन सुरू केले आणि रिव्हर्स गिअर टाकला. पहिल्या गिअरमध्ये मागे जाणारी गाडी रिव्हर्समध्ये पुढे येणारच. ती आली. रिव्हर्सचा वेग फार कमी असतो आणि आवाज फार मोठा. त्या किंचाळत्या आवाजात ट्रकचे तोंड फाटकाबाहेर आले, समोरच्या भिंतीजवळ थांबले, वळले. तीन फूट पुरले. भिंतीला काही लागले नाही. नंतर मी जाऊन पाहिले. इस्माईलभाई पुढे चालत लोकांना बाजूला करत होते, "हटो भाई, हटो, दीदी रिव्हर्स में आगे आ रही हैं।" ट्रक गल्ली ओलांडून, कोपरा वळून त्यांच्या शेडमध्ये गेला. ऊन अजून होते.

आत्या खाली उतरली. पाठोपाठ चालत आलेल्या नानांनी तिला आपट्याची पाने दिली. ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "सीमोल्लंघन झालं. आता हत्यारं उठवा."

क्राऊन दिवाळीपूर्वी योग्य बाजूला बसला. आखूड गाडीच्या नोंदणीला वेळ लागला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने "गाडी किसने काटी?" असे दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा तिने "मैंने" असे उत्तर दिले. परवानगी मिळाली. ट्रक पुन्हा अंगणात आला, या वेळी फाटकातून. पुढे बरीच वर्षे ती भैरवगढच्या छपाईवाल्यांचे कापडाचे गठ्ठे बसस्टँडपर्यंत पोहोचवत होती. तिवारीजींच्या मुलीच्या लग्नाचे सामानही याच ट्रकमधून गेले. त्यासाठी तिवारीजी स्वतः विचारायला आले होते. आत्याने ठरावाची आठवण काढली नाही, एवढेच विचारले, "कितने बजे तक?"

तेराव्याला जेवणे आटोपताना एक भंगारवाला फाटकाशी आला. बाई गेल्या असे ऐकले, गाडी पडून आहे, उचलून नेतो, असे तो म्हणाला. क्रेनची सोय त्याची. नाना आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि काठी घेऊन चालतात. ते फाटकापर्यंत गेले. "भंगार नहीं है। चालू गाड़ी है," ते म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, "दादा, चलाके दिखाओ।" नाना म्हणाले, "दशहरे को आना।"

घरात वर्षभर सण नाहीत. पण हत्यारांची पूजा सणात मोडत नाही, असे नानांनी ठरवले. खंडेनवमीला पान्यांचा संच, जॅक, हातोडी आणि ग्राइंडर पाटावर मांडले गेले. ग्राइंडरवर तिच्या हातमोज्यांची जोडी होती, ती तशीच राहू दिली.

दसऱ्याला दुपारी इस्माईलभाई बॅटरी घेऊन आले. भंगारवालाही आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. फाटक तिवारीजींनी उघडले. इंजिन दोनदा बंद पडले. तिसऱ्यांदा सुरू राहिले. इस्माईलभाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढून नानांकडे पाहिले.

"पहला डालो," नाना म्हणाले.

त्यांनी पहिला गिअर टाकला. ट्रक पुढे गेला.