तंबोऱ्यातला हळदीचा भाव

“आवं मॅडम, तुमचा तंबोरा हळदीचा भाव सांगतुया!” साऊंडवाला महादू स्टेजवरनं ओरडला.

मी धावले. खरंच की! स्पीकरमधून तंबोऱ्याच्या सुरामागं रेडिओवाला बाजारभाव वाचत होता. आणि संध्याकाळी सुमनताईंचं गाणं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीतली आमची छोटी कंपनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवत होती. बोर्ड डिझाइन करायचं काम माझं. पत्र्याच्या डब्यातला हा पहिला नमुना. ताई जन्मभर स्वतः तंबोरा छेडत गायल्या. अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि गाणं थांबलं. दुसऱ्याच्या हाताची लय त्यांना खपेना. आमच्या डब्याची लय मात्र डाव्या हातानं बटण फिरवून जुळवता यायची.

“हे नाही जमलं तर मी घरीच बरी,” ताई म्हणाल्या.

स्पीकरकडं जाणारी लांब केबल काढली, की डब्यातला छोटा स्पीकर स्वच्छ वाजायचा. म्हणजे रेडिओ केबलीतून शिरत होता. अशा केबलीत आतल्या तारेभोवती जाळी असते, तिला शील्ड म्हणतात. बाहेरच्या लहरी तिनं अंगावर झेलायच्या. पण झेललेलं टाकायचं कुठं? आमच्या बोर्डवर ती कनेक्टरपासून एका बारीक, नागमोडी पट्टीनं थेट सर्किटच्या मध्यात जात होती. चोर पकडला आणि नेऊन देवघरात बसवला!

“साहेब, जाळी दाराशीच, कनेक्टरपाशी, डब्याच्या पत्र्याला जोडू या. त्याला अर्थिंग आहे.”

“अजिबात नाही!” मालक म्हणाले. “दोन ठिकाणी ग्राउंड केलंस तर हम येईल.” हम म्हणजे लाइटची घरघर. त्यांचंही खरं होतं.

“मग मधे कपॅसिटर टाकते. हमची संथ वीज अडेल, रेडिओची वेगवान निघून जाईल.”

“टाक बाई, पण लवकर!”

मसुरीच्या दाण्याएवढा कपॅसिटर. एक पाय कनेक्टरच्या धातूला सोल्डर केला, दुसरा चिमट्यानं डब्याच्या कडेला धरला. फरक शून्य.

“हळद संपली, आता मिरचीचा भाव लागला,” महादू म्हणाला. ताईसुद्धा हसल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं.

मग डब्याकडं नीट बघितलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा दिसावा म्हणून मालकांनी हौसेनं मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांकडून त्यावर पॉलिशचे थरावर थर चढवून आणले होते. चिमटा पत्र्याला शिवतच नव्हता! मी ब्लेड घेतलं.

“अगं अगं, पॉलिश!” मालक ओरडले.

खरवडलं. चिमटा लावला. रेडिओ गप्प.

अंगावर सर्रकन काटा आला. रेडिओ बंद झालाच नव्हता. बाजारभाव त्या मंडपातून, आमच्या अंगांवरनं वाहतच होते, नुसते आत शिरत नव्हते. गणित मला पाठ होतं, तरी त्या मसुरीएवढ्या दाण्याकडं खुळ्यासारखी बघत बसले. मग चिमटा काढून तिथंच सोल्डर केलं.

संध्याकाळी ताईंनी बटण फिरवलं, डोळे मिटले आणि सा लावला. डब्याचा सूर कुठं संपला, त्यांचा कुठं सुरू झाला, कळेना. महादू हात जोडून उभा. मालक रडले, मीही रडले. त्यात लपवायचं काय?

गाणं झाल्यावर मालक म्हणाले, “ताई, डबा नेतो. पॉलिश नीट करून देतो.”

ताईंनी डावा हात डब्यावर ठेवला. “राहू द्या. सकाळी रियाजाला लागेल.”

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बोर्डवर शील्डची वाट दाराशीच, उघड्या पत्र्यावर. आणि एकुलता एक नमुना गाणाऱ्याच्या हाती दिला, तर तो परत मिळायची आशा सोडावी.