चार ते सहा

अक्का गेल्याचं शेजारच्या बाईंनी फोनवर कळवलं, तेव्हा माझ्या मोबाइलच्या नकाशावर तिचं निळं टिंब बंगळूरमधल्या बसवनगुडीच्या घरातच दिसत होतं. मी मारतहळ्ळीच्या सिग्नलला अडकलो होतो. आता दोन महिने होतील, तरी बोट अजून त्या नकाशावर जातं...

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून शाळेत शिकवता शिकवता तिनेच मला वाढवलं. कॉलेजात असताना मी न सांगता तासन्‌तास गायब व्हायचो. बाबा चौकशी करायला निघाले की अक्का म्हणायची, "असू दे हो बाबा, येईल तो." मी कुठे जातो, हे तिने कधी विचारलं नाही, म्हणूनच नाटकाच्या तालमीचं सगळ्यात आधी तिला सांगितलं.

आणि मी काय केलं? दोन वर्षांपूर्वी बसमधून उतरताना ती पडली, मनगट मोडलं. मी तिची बस बंद केली आणि ती कुठे आहे ते मला दिसेल, असा फोन हातात दिला. टिंब हललं की मी फोन लावायचो. ती भाजी घ्यायला गेली तरी, घरी जा, मी मागवून देतो. एकदा ती चिडली, "अरे, मी काय पार्सल आहे?"

"पुन्हा एकटी बसने गेलीस, तर घराला कुलूप लावून तुला माझ्याकडे आणीन."

ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. देवळात तरी जाऊ ना? तिथे मात्र मी फोन उचलणार नाही."

देवळाची परवानगी मी दिली. परवानगी! जिने मला बोट धरून शाळेत नेलं, तिला. आज लिहितानाही लाज वाटते.

तेव्हापासून रोज चार ते सहा टिंब देवळापाशी, आणि मी निर्धास्त. अक्काला उतारवयात भक्तीचा नाद लागला, असं बायकोला कौतुकाने सांगायचो.

तेराव्याला देवळासमोरच्या फुलवाल्या मंगळम्मा आल्या. फोटोला मोगऱ्याची माळ घालून कन्नडमध्ये म्हणाल्या, "अक्का रोज चार वाजता फोन माझ्या टोपलीत ठेवून जायच्या. सहाला येऊन घ्यायच्या."

"कुठे जायच्या?"

"ते मी नाही विचारलं. येताना खुशीत असायच्या."

परवा घर आवरताना दारामागच्या खुंटीवरची तिची कापडी पिशवी काढली. आत कागद कुरकुरले. बसची तिकिटं असणार. बायको म्हणाली, "अहो, बघा तरी, कुठे जात होत्या त्या." माझा हात आत गेलाही होता... मी तो बाहेर काढला आणि पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. अक्काने आपणहून मला सांगावं, असं मी कधी वागलोच नव्हतो.