अर्जातली आजी

उल्का देवतळेचे वडील नरहरी मूळचे वर्ध्याचे. छत्तीसगढ वेगळं झालं, रायपुरात नवी कार्यालयं उघडली, तेव्हा ते बदली घेऊन आले आणि समता कॉलोनीत राहू लागले. उल्का तेव्हा आठ वर्षांची होती. आईबाप मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई. अभ्यासात बरी होती, हट्टी मुळीच नव्हती. भूगोलात एम.एस्सी. झाल्यावर कॉलेजातल्या एका सरांनी तिला जाहिरातीचा कागद दिला: नैसर्गिक आपत्ती आणि त्यांतून लोक कसे सावरतात, या विषयावर संशोधन करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती.

अर्जात एक प्रश्न होता. हा विषय तुम्ही का निवडला? उल्का दोन दिवस त्या प्रश्नापाशी अडकून राहिली. खरं उत्तर एवढंच होतं की सरांनी कागद दिला. मग तिला कांताबाईची सासू आठवली.

कांताबाई त्यांच्याकडे दहा वर्षांपासून भांडी-झाडूला येत होती. गोंदियाकडची; नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, घर शहराबाहेर बीरगावात, नाल्याच्या काठी. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये दुपारी नाला फुगला आणि घरात छातीएवढं पाणी शिरलं. घरात म्हातारी सासू एकटीच. ती धान्याच्या कोठीवर चढली आणि छपराचं लाकूड धरून तीन तास उभी राहिली. तेव्हापासून ती आंघोळीला बसायला घाबरते, बादलीत नळ सोडला तरी ओरडते. हे सगळं कांताबाईनंच भांडी घासता घासता सांगितलं होतं.

उल्कानं ते अर्जात लिहिलं. फक्त 'कांताबाईची सासू'च्या जागी 'माझी आजी' लिहिलं, आणि कांताबाईच्या घराच्या जागी 'आमचं बीरगावचं जुनं घर'. तिची स्वतःची आजी वर्ध्याला ठणठणीत होती.

मुलाखतीत तिला तेच विचारलं. तिनं समोर बसलेल्या तिघांना सगळं सांगितलं. एका बाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. उल्काला रडू आलं, आणि ते खरं होतं, याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

निवड झाली. नरहरींनी ऑफिसात पेढे वाटले. गाईड म्हणून डॉ. विनोदिनी खरवडे मिळाल्या, नागपूरच्या, सरळ बोलणाऱ्या. चौथ्याच महिन्यात त्या म्हणाल्या, "पाहणी बीरगावपासून करू. तुझी माणसं आहेत, मोकळेपणानं बोलतील."

उल्कानं दुसऱ्या तीन वस्त्यांची नावं सुचवली. मॅडमनी ऐकलं नाही. रविवारी सकाळी त्या स्वतः गाडी घेऊन दारात हजर झाल्या.

बीरगावात नाल्याजवळ गाडी थांबली. "तुमचं घर कोणतं गं?"

पूर आला त्या आठवड्यात उल्का एकदाच इथे आली होती, आईनं दिलेल्या जुन्या चादरी घेऊन. तिला तेवढं एकच घर माहीत होतं. तिनं तिकडे बोट दाखवलं.

कांताबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती उठेपर्यंत मॅडमच बोलल्या, "नमस्कार. उल्काच्या आजींना भेटायचं होतं. कोठीवर तीन तास उभ्या राहिल्या त्या."

कांताबाईनं उल्काकडे पाहिलं. उल्कानं मान खाली घातली.

"हव," कांताबाई म्हणाली. "हिची आजीच ना. या, बसा." मग आत वळून हाक मारली, "आत्याबाई, उल्का आली."

दहा वर्षांत तिनं पहिल्यांदाच उल्काला 'ताई' म्हटलं नव्हतं.

मॅडमनी तासभर प्रश्न विचारले. म्हातारी थोडं सांगे, थोडं विसरे. उत्तरं लिहायचं काम उल्काकडे होतं. चहा आला. म्हातारीनं उल्काच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती दिसानं आली गं पोरी." उल्काचा पेन थांबला; मग तिनं पुढचं उत्तर लिहायला घेतलं.

निघताना मॅडम गाडीकडे गेल्या. कांताबाई हळूच म्हणाली, "तुमची बात खाली नाही पडू देली मी. पन ताई, एक इचारू? त्या दिवशी मी तुमच्याच घरी होती. पाहुने होते. तुमच्या आईले मी दोन बार म्हनलं, बाई, पानी वाढून राहिलं, जाऊ द्या मले. बाई म्हने, भांडे झाले का जाय. हे बी लिवलं काय तुमी?"

उल्का त्या वेळी बैठकीत पाहुण्यांना भजी वाढत होती. तिनं दोन्ही वेळा ऐकलं होतं.

गाडी रेल्वे फाटकापाशी अडली तेव्हा तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी गाडी बंद केली. गेट उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी त्यांनी लगेच चावी फिरवली नाही. शेवटी म्हणाल्या, "समितीला तू लिहिशील. मी नाही."

तिनं लिहिलं. पंधरा दिवसांत शिष्यवृत्ती रद्द झाली. नरहरी चिडले. "काहून सांगितलं तू? कोणाले माहीत होतं?"

"कांताबाई को पता था," उल्का म्हणाली.

आई स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही.

पुढे उल्काला एका खाजगी शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली. कांताबाई कामाला येत राहिली, पुन्हा 'ताई' म्हणत. उल्कानं माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माह्यं जाऊ द्या. थे बुढी रोज इचारते, नात कवा येते म्हनून. तिले काय सांगू?"

उल्का एका रविवारी एकटीच बीरगावला गेली. म्हातारी खाटेवर बसली होती. उल्का खाली बसली आणि अडखळत मराठीत म्हणाली, "मी तुमची नात नाही. कांताबाई ज्या घरी काम करतात ना, समता कॉलोनीत, त्या घरची मुलगी."

म्हातारीनं तिचा चेहरा बराच वेळ पाहिला. "थेच घर काय? आमची कांता त्या दिवशी अटकली होती थे?"

"हव," उल्का म्हणाली. "आम्हीच थांबवलं होतं त्यांना."

 म्हातारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. उल्का अर्धा तास तशीच जमिनीवर बसून होती. उठून जायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.