देव पाण्यात, हे किनाऱ्यावर

सहल संपत आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त रुखरुख आहे.

आम्ही सानगडीकडचे, धानाची शेती करणारे. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी देव पाण्यात ठेवले. तांब्याच्या घंगाळात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा बुडवून सांगितलं, ह्यांची तब्येत पहिल्यासारखी होईपर्यंत तुम्हाला बाहेर काढणार नाही. तब्येत सुधारली, पण पहिल्यासारखी काही होईना. देव ऐकतो की नाही अशी शंका मनात यायची आणि मी ती घाबरून झटकून टाकायची. अशातच मुलाने आम्हाला अंदमानला पाठवलं. दगदग नको म्हणून अगदी सावकाश सहल ठरवली. एका बेटावर निवांत राहायचं, मग बोटीने पुढच्या बेटावर.

घरी देवांचं पाणी बदलायला शेजारची वनिता होती. मी तिला रोज फोन करून विचारायची, "देव पान्यातच आहेत ना?" शेवटी ती वैतागली. "काकू, थे कुठं जातीन? तुमी समुद्र पाहा ना!"

समुद्र मी पाहिलाच नाही. मी ह्यांच्यावर पहारा देत बसले. ऊन लागेल, पाय घसरेल, लाट ओढून नेईल. ह्यांचा सगळा जन्म धानाच्या बांधीत, चिखलात रोपांची रोवणी करण्यात गेला. पाणी दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. पहिल्याच बेटावर पायजमा वर खोचून निघाले, तशी मी ओरडले, "कायले जाता? डाक्टरनं काय सांगतलं?" खरं तर डॉक्टरांनी पाण्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. हे गुपचूप येऊन खुर्चीवर बसले.

"येवढं पानी," म्हणाले, "अन् एका बांधीच्याही कामाचं नाही."

मी हसले, पण त्यांचं मनगट सोडलं नाही. पुढच्या प्रत्येक बेटावर हेच चाललं. नंतर नंतर त्यांनी विचारणंही सोडून दिलं.

परतायच्या दिवशी सामान घेऊन धक्क्यावर सगळ्यांच्या आधी मी हजर. डोळे मिटून देवाला विनवत होते, बोट वेळेवर येऊ दे, ह्यांना धडधाकट घरी पोचव. बोट आलीच नाही. तिच्यात बिघाड झाला होता आणि आता ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती. मला रडू फुटलं. धक्क्याजवळ शहाळी विकणारी एक बंगाली बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, ऑपरेशन, घरी पाण्यात ठेवलेले देव, सगळं. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हे लांब एका खडकावर बसून पाण्याकडे बघत होते.

"दीदी," ती म्हणाली, "भगवान इतने दिन से पानी में बैठे हैं, और दादा यहाँ सूखे बैठे हैं?"

ती उठली, मला घेऊन त्या खडकापाशी गेली, ह्यांचा एक हात धरला आणि दुसरा मला धरायला लावला. घोटाभर पाण्यात आम्ही तिघं जाऊन बसलो. रोवणीच्या आधी चिखल चाचपावा तशी हे पायाच्या बोटांनी वाळू चाचपत होते. मग एकाएकी मोठ्याने हसले. ऑपरेशन झाल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं.

"अवं, खाली किती मऊ आहे. पाय तं टेकव!"

सूर्य बुडेपर्यंत बसलो. सकाळी बोट निघाली तेव्हा त्या बाईचं दुकान बंद होतं, आणि तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण होती याचा मी कीस काढत नाही. माझी प्रार्थना न ऐकता देवाने तिला पाठवलं, एवढंच मी धरून आहे. पण बेट मागे पडत गेलं तसं माझं मन मला खाऊ लागलं. इतकी बेटं, इतकं पाणी, आणि त्यातली एकच संध्याकाळ मी ह्यांना दिली.

घरी आल्यावर देव बाहेर काढले, पुसले, देव्हाऱ्यात बसवले. तब्येत पहिल्यासारखी झालेली नव्हती. "माझी अट मी मागे घेते," देवांना म्हटलं, "तुम्ही ठेवाल तसे राहू." आता ह्यांना फार चालवत नाही. पुन्हा बेटांवर जाणं होणार नाही, आणि ते आठवलं की डोळे भरून येतात.

काल गावच्या तलावाच्या पाळीवर बसलो होतो. हे पाण्याकडे बघत राहिले, मग परवानगी मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी वाकून त्यांच्या चपला काढल्या, मग माझ्याही.