तरोट्याची पहिली मूठ

बैलगाडी दारात उभी होती, ट्रंक आणि वळकट्या चढल्या होत्या, आणि आईचा पत्ता नव्हता. रेल्वे चुकणार म्हणून बाबांचा जीव टांगणीला लागलेला. शेवटी ती दिसली, ओटीत तरोट्याची कोवळी पानं घेऊन. भिलाईत पहिल्या दिवशी हीच भाजी करायची, म्हणून शेजारच्या मालनकाकूंच्या बांधावर गेली होती. बरं, आली ती गाडीत बसली असती तर आई कसली? आधी काकूंच्या घरात शिरली, ओटीतली एक मूठ त्यांच्या सुपात टाकली, मगच निघाली.

"गाडी दुसरी भेटन जी," ती बाबांना म्हणाली. "दुसऱ्याची मूठ घेऊन गाव सोडत नसते."

हा तिच्या माहेरचा रिवाज. रानभाजी कोणाच्याही बांधावरून तोडावी, पण पहिली मूठ त्या वावराच्या घरी द्यावी. मला तिनं भाज्या शिकवल्या त्या याच क्रमानं: आधी वावर कोणाचं, मग पान कोणतं. गावात राहिलेल्या तुम्हा चुलत बहिणींना हे वेगळं सांगायला नको.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खणलेली लाल माती, ट्रक आणि क्रेन. बाबा खलाशी म्हणून, म्हणजे क्रेनला ओझी बांधायच्या कामावर लागले, आम्हाला पत्र्याची एक खोली मिळाली. खोलीमागच्या पडीक जमिनीवर तरोटा नुसता माजला होता. आई हरखून वाकली आणि तशीच थांबली.

"अजी, हे वावर कोणाचं होय?"

"सरकारचं झालं ना आता. तोड ना वं, कोण पाहून राहिलं?"

"सरकारच्या घरी चूल हाये का? पयली मूठ कोणाले देऊ?"

ती रिकाम्या हातानं घरात आली. मग आम्ही रोज आलू खाल्ले. मी चिडायचे, बाबा डोक्याला हात लावायचे. पण ती मुळासकट उखडली गेली होती. एक दिवस म्हणालीच, "ज्या मातीचं घर ठाऊक नाही, तिथं रायावं कसं? मले गावाले पोचवून द्या." बाबांनी तिकिटाची चौकशीही केली.

तरी तोवर ती विचारत राहिली, हे वावर कोणाचं म्हणून, आपल्या मोडक्या हिंदीत, भेटेल त्याला. लोक हसायचे. एका दुपारी डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन खोलीमागून चाललेल्या एका रेजाला, मजूर बाईला, तिनं अडवलं. त्या बाईनं घमेलं खाली ठेवलं. "मोर रिहिस," ती म्हणाली. माझं होतं.

तिचं नाव बिसाहिन. आपल्याच वावराची माती ती मजुरीनं वाहत होती.

आई तिथंच वाकली, कोवळी पानं खुडली आणि पहिली मूठ तिच्या हातात ठेवली. बिसाहिननं ती पानं पदरात बांधली. मग डोळे पुसून तिनं आईचा हात धरला, बांधाच्या ओल्या कडेला नेलं आणि आईला ठाऊक नसलेलं एक पान दाखवलं. चेंच भाजी. गावातल्या बायका जिला पान दाखवायला यायच्या, ती माझी आई त्या दिवशी मुकाट्यानं शिकत होती. इतकी मोठी मला ती कधीच वाटली नव्हती. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे क्वार्टर मिळालं, मागे थोडी बारी, म्हणजे परसबाग मिळाली. तरी आई म्हणायची, "आपण इथं पाहुणेच." एकदा मामाच्या लग्नाहून परतलो, तर बिसाहिन आमच्या पायरीवर बसलेली. आम्ही नसताना तिनं आमच्या बारीतली चेंच तोडली होती. एक मूठ तिनं आईसमोर धरली.

"पहिली मुठा तोर, दीदी. तोर बारी के आय." पहिली मूठ तुझी, तुझ्या बारीतली आहे.

आई हातातली ट्रंक खाली ठेवायलाही विसरली आणि उंबऱ्यातच रडली. "पाहुणे" हा शब्द नंतर तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

आता दोघीही नाहीत. मी इथंच भिलाईत, हुडको वस्तीत राहते. तुम्ही दर दिवाळीला विचारता, घरी कधी येणार म्हणून. येईन. तुमच्या बांधावरचा तरोटा तोडीन आणि पहिली मूठ तुमच्या सुपात टाकीन. रागावू नका बायांनो, तिथली मी आता पाहुणी आहे. इथे शेजारच्या सुना माझ्या परसात भाजी तोडायला वाकल्या, की मी दारात येऊन ओंजळ धरून उभी राहते.